उर्फ

विडी घरकुलात रात्री अकरालाही पत्रा तापलेला.
लॅपटॉपखाली ओला टॉवेल घातलाय,
चाटला शेठच्याच कारखान्यातला, सेकंड माल, कड उसवलेली.
पडद्यावर चौथ्या दिवशीही तीच लाल ओळ:
अनडिफाइन्ड सिम्बॉल, वजन_घे.

अ‍ॅप एकच लिहिलंय, फोन दोन जातींचे.
आयफोनला जोडून सुताचा कोन काट्यावर ठेवला
की आकडा उमटतो, दोन किलो एकशेवीस.
अँड्रॉइडचं बिल्ड मात्र अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत येतं
आणि दारातच बसकण मारतं.
आयफोन एकट्या शेठकडं.
काट्यावरचे सतराही जण अँड्रॉइडवाले.

काय काय केलं नाही.
कॅश पुसली. ग्रेडल खाली आणलं, वर नेलं.
एनडीके बदललं.
चौसष्ट बिटच्या जागी बत्तीसची फाईल तर नाही, बघितलं.
नोड मॉड्युल्सचा फोल्डर उडवला
आणि परत उतरवण्यात दिवसाचं नेट संपवलं.
अक्कलकोट रोडचा मित्र म्हणाला, मशीनच बदल की बे.
दीडशे ओळींची लाल पट्टी,
मी रोज शेवटची वाचत होते.

नाना पाणी प्यायला उठले. लूमवर तीस वर्षं जॉबर.
कापडात रेघ दिसली की ते कापडाकडं बघायचेच नाहीत,
मागं जायचे, फणी, वई, थेट बीमपर्यंत.
"हितं दिसलं म्हंजे हितं तुटलं नसतंय, बिड्डा.
काय हुडकालालंय ते?"
एक नाव, म्हटलं.
"मग माणूस नाही का? का नुस्ता पेरु नाही?"

आमच्या घरात नावाला पेरु म्हणतात.
पहिलीत बाईंनी उभं केलं तेव्हा मी म्हणाले,
माझा पेरु सांगू का? अख्खा वर्ग हसला.
मधल्या सुट्टीत एकीनं खरंच पेरू आणून दिला,
तिखटमीठ लावून.

मी लायब्ररीची फाईल उसवली,
आतली सगळी नावं ओळीनं मांडली.
होता की.
अंडरस्कोअर, झेड, नऊ, मग वजन_घे, शेपटीला आय.
सी प्लस प्लसच्या कंपायलरची खोड:
इंग्रजीतली अक्षरं किती, हातात काय घेऊन आलाय,
सगळं नावातच कोंबायचं.
आयफोनकडचा पूल त्याच भाषेतला, त्यानं ओळखलं.
अँड्रॉइडकडचा साध्या सीमधला.
तो साध्या नावानं हाका मारत राहिला
आणि आतला कुणी ओ देईना.

एक्क्याण्णव साली मस्टरवर कारकुनानं लिहिलं, महेश गुरव.
मल्लेशम गुर्रम त्याला लिहिता आलं नाही,
किंवा ऐकूच आलं नाही,
किंवा डबा उघडायची वेळ झाली होती.
लूम बंद पडल्यावर फंडाच्या कचेरीतून उत्तर आलं:
या नावाचा माणूस आढळत नाही.
माणूस खिडकीसमोर उभा होता,
हातात पिशवी, पिशवीत तीस वर्षांच्या पावत्या.
तीन महिने हेलपाटे, मग स्टँपपेपर, मग वकिलाचे तीन शब्द,
उर्फ, एकच, व्यक्ती.

मी हेडरमध्ये एक ओळ घातली. एक्स्टर्न सी.
म्हणजे, याचं नाव आहे तसं राहू दे, काही जोडू नकोस.
लायब्ररी परत बांधली, दोन्हीकडची.
अठ्ठ्याण्णव.
नव्याण्णव.
लाईट गेली, बॅटरी अकरा टक्के.
मग हिरवं.

सकाळी काट्यावर अनसूयाबाईंनी
तडा गेलेला फोन पुढं धरला, कोन ठेवला.
एक किलो नऊशे ऐंशी.
"कमी भरलाय गं," एवढंच म्हणाल्या, आणि दुसरा उचलला.

घरी येऊन नानांना सांगितलं, सापडलं.
"कुटं होतं?"
तिथंच.
"असतंयच की," म्हणाले, आणि कूस बदलली.
त्या तीन महिन्यांचं व्याज अजून यायचंय.